तिसऱ्या मजल्यावरची मेढ

फ्लॅटची किल्ली हातात आली त्या दिवशी सीताबाई दारातच अडली. मागे मुलगा भावेश नारळ घेऊन उभा, त्याच्या मागे मुलगी मृणाली दुधाचं पातेलं सांभाळत उभी, आणि ही बाई खाली वाकून चौकटीच्या तळाशी हात फिरवत होती. बाहेरची लादी जिथं संपत होती तिथूनच आतली लादी सुरू होत होती. मध्ये काहीच नव्हतं.

"उंबरा कुठं हाय रं?"

"आये, फ्लॅटला उंबरा नसतो. चल आत, मुहूर्त जातोय."

"उंबरा न्हाय तं मी घरान आलेय का अजून जिन्यावरच हाय, ते मना कोन सांगनार?"

भावेशनं कपाळाला हात लावला. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं होतं. शेवटी मृणालीनं पिशवीतले मूठभर तांदूळ काढले, दारात त्यांची एक आडवी रेघ ओढली, आणि ती रेघ ओलांडून सीताबाई आपल्या नव्या घरात शिरली. ते साल होतं दोन हजार सहा.

सीताबाई तरे तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती. माहेरी मिठागरात वाढलेली, सासरी वळ गावात भातशेतीत राबलेली. दंड अजून पुरुषासारखे, आणि आवाज असा की खाडीच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा माणूस वळून बघायचा. नवरा बाळाराम जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्यामागे वळच्या शेतावर गोडाऊनं उभी राहिली, घराची जागा गोडाऊनच्या रस्त्यात गेली, आणि भावेशनं टेम्पो घेऊन मालवाहतुकीचा धंदा सुरू केला. मानकोली नाक्यापासून जवळ पडावं म्हणून त्यानं या नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आईला वाटलं होतं, घर म्हणजे घर. त्यात काय निराळं असणार?

निराळं सगळंच निघालं. स्वयंपाकघरात कमरेइतका उंच ओटा. उभं राहून तांदळाची भाकरी थापायची म्हणजे सगळा जोर मनगटावर येतो, पीठ नीट मळलं जात नाही, भाकरी कडेला चिरते. मासे कापायला बसावं तर पाण्याला जायला वाट नाही. सिंकमध्ये कोळंबी सोलली तर टरफलं नळीत अडकतात. ओटी नाही, त्यामुळे आलागेला माणूस थेट सोफ्यावर येऊन बसतो, आणि घरच्या बायका आतल्या खोलीत कोंडल्यासारख्या होतात. महिनाभर सीताबाईनं हे सगळं सोसलं. मग एका सकाळी तिनं भावेशला सांगितलं, "मना मिस्तरी पायजे."

"नव्या घरात तोडफोड?"

"नवा तुमच्यासाठी. माझ्यासाठी अजून घरच झालेला न्हाय."

मिस्तरी आला तो शेलार गावचा वाल्मीक. पन्नाशीचा, सडसडीत, कानावर पेन्सिल खोचलेला. बौद्धवाड्यात राहणारा हा माणूस भिवंडीतल्या निम्म्या इमारतींमध्ये काम करून गेलेला होता. त्यानं सीताबाईचं सगळं ऐकून घेतलं, खिशातल्या टेपनं मापं घेतली, आणि दाराशी आल्यावर म्हणाला, "वयनी, वळच्या तुमच्या घराचा उंबरा माझ्या बानं बसवला होता. माहीत हाय?"

"मंग तसाच बसव."

वाल्मीकनं टेप गुंडाळली. "बसवतो. पन एक सांगतो. बानं तो उंबरा बसवला, नि त्याच्या आत कधी पाय टाकला न्हाय. टाकू दिला न्हाय. जेवायला ओटीखाली बसायचा, पत्रावळ घेऊन. मी शेजारी असायचो."

तेव्हा सीताबाई त्या घरात नवी सून होती. त्या पत्रावळीवर हात उंच धरून भात टाकणारी आपणच होतो का, हे तिला आठवेना, आणि आठवत नाही हेच तिला जास्त लागलं.

"आता जेवायला आत बस," ती म्हणाली.

"आज डबा आनलाय," वाल्मीक म्हणाला. "भूक लागंल तेव्हा बघू."

त्यानं आठ दिवसांत काम केलं. दारात सागाचा उंबरा बसला. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात वीतभर उंचीचा बसका ओटा झाला, त्यावर गॅसची एक शेगडी. कपडे वाळत घालायच्या गॅलरीत त्यानं उतार काढून छोटी मोरी केली, आणि सीताबाईनं तिथं पाट टाकून, विळी पायाखाली दाबून पहिल्यांदा मनासारखी पापलेटं कापली. त्या दिवशी वाल्मीक आत बसून जेवला. न बोलवता, हात धुऊन, स्वतः पाट ओढून बसला. सीताबाईनं वाकून वाढलं.

दोन हजार आठच्या सुरुवातीला मृणालीचं लग्न ठरलं. मुलगा काल्हेरचा, प्रितेश नावाचा, एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. मृणाली त्याच भागातल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेबनीस होती. वैशाखातली तारीख निघाली. भावेशनं त्याच आठवड्यात ठाण्याच्या रस्त्यावरचा एसी हॉल बुक करून टाकला, जेवण, फुलं, फोटोवाल्यासकट.

"लगीन हॉलवर लावा," सीताबाई म्हणाली. "पन मांडव घरान पडंल. मेढ घरच्या दारान रवायची. हळद घरान लागंल."

"आये, मांडवाला जमीन लागते. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"मंग जमीन आनू."

आधी तिनं सरळ मार्ग धरला. सोसायटीच्या आवारात, गेटजवळच्या मोकळ्या जागेत दोन दिवस मांडव घालू द्या, असा अर्ज मृणालीकडून लिहून घेतला आणि सेक्रेटरींना नेऊन दिला. सेक्रेटरी म्हणजे सावळाराम दळवी, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, घाटावरचे, सीताबाईच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहणारे. माणूस वाईट नव्हता, पण नियमाच्या वहीबाहेर त्याला श्वास घेता येत नसे. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला आणि परत दिला. आवारात खासगी कार्यक्रम करता येत नाही, असा ठराव झालेला होता. फरशी खणायचा तर प्रश्नच नव्हता.

सीताबाईनं वाल्मीकला बोलावलं. दोघं दिवाणखान्याच्या बाल्कनीत बराच वेळ उभे राहिले. वाल्मीकनं भिंतीवर बोटांनी टकटक केली, खाली वाकून कठड्यातून बघितलं, आणि म्हणाला, "इथं भिंतीखाली बीम हाय. बीमवर विटांचा हौद बांधू. दोन फूट बाय दोन फूट, दीड फूट उंच. आतून वॉटरप्रूफिंगचा गिलावा, खाली नळी काढून बाल्कनीच्या पाइपात सोडू. माती भरा. मेढ उभी राहील."

"पक्की?"

"बैल बांधा तिला."

विटांचे दोन थर झाले आणि सावळाराम दळवी वर आले. धापा टाकत त्यांनी हौदाकडे बघितलं.

"हे काय चाललंय, सीताबाई?"

"मुलीच्या लग्नाची मेढ रवायची हाय."

"बाल्कनीत? अहो, खाली माझी बाल्कनी आहे. तिथं मी देवघर केलंय. माझ्या देवांच्या डोक्यावर तुमची माती आणि पाणी! ताबडतोब बंद करा."

"देवांना मातीचा विटाळ कधीपासून?" सीताबाईनं विचारलं.

दळवी तडक जिना उतरले. संध्याकाळी नोटीस आली. टाइप केलेली, शिक्का मारलेली. बांधकाम थांबवावं, अन्यथा कारवाई केली जाईल, वगैरे वगैरे. मृणालीनं ती मोठ्यानं वाचायला घेतली आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

"वाच की."

"'सुशिक्षित रहिवाशांच्या संकुलात असे गावंढळ प्रकार खपवून घेतले जाणार नाहीत.'"

भावेशनं टीव्हीचा आवाज बंद केला. इतके दिवस हॉलच पुरे म्हणणारा, मित्र हसतील म्हणून आईवर चिडणारा हा मुलगा. पण 'गावंढळ' हा शब्द त्याच्या जिव्हारी लागला. ज्या जमिनीवर हे संकुल उभं होतं ती त्याच्याच जातभाईंची भातखाचरं होती. त्यानं नोटीस मृणालीच्या हातातून घेतली, दोनदा वाचली, घडी घातली.

मृणालीचंही तसंच झालं. आतापर्यंत ती म्हणत होती, "मला काय, मेढ असो नसो." आता तिनं ऑफिसातून येताना सोसायटीच्या नियमांची छापील प्रत मिळवून आणली आणि दोन दिवस पेन घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आये, बाल्कनीत हौद बांधू नये असं कुठंच लिहिलेलं नाही. पण बाल्कनी बंद करून खोली करू नये, हे मात्र स्पष्ट लिहिलंय."

"म्हंजे दळवींचं देवघर?"

"नियमाबाहेर."

सीताबाई हसली नाही. "रविवारी मीटिंग हाय ना? आपन सगलीच जाऊ. वाल्मीकला पन बोलव."

मीटिंग पार्किंगमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधोमध टेबल, टेबलावर दळवींची वही. बायका साधारणपणे मागे भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. सीताबाईनं पुढच्या रांगेतली खुर्ची ओढली आणि बसली. नऊवारी, पायात रबरी चपला. दळवींनी विषय वाचला: फ्लॅट क्रमांक तीनशे दोनमधील अनधिकृत बांधकाम.

"एक विचारू?" सीताबाई उठली. "ह्या बिल्डिंगीन बिल्डरनं दिला तसा घर किती जनांचा हाय? हात वर करा."

लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणीतरी हसलं. हात एकही वर गेला नाही.

"विषय तो नाही," दळवी म्हणाले.

"तोच हाय. ज्यानं तुमची सगल्यांची घरं फोडली नि जोडली तो मिस्तरी इथं बसलाय. त्यालाच विचारा."

वाल्मीक शेवटच्या खुर्चीवर होता. तो उभा राहिला तेव्हा काही चेहरे उतरले. मिस्तरीला घरांची गुपितं ठाऊक असतात. त्यानं घसा साफ केला.

"मी कोनाला कमीपना आनायला न्हाय बोलत," तो म्हणाला. "कामाचं सांगतो. पहिल्या मजल्यावर अन्सारीभाईंचा संडास पश्चिमेकडं तोंड करून होता. त्यांना ते चालत न्हाय, नमाजाची दिशा. मी भांडं फिरवलं. दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघर आग्नेयेला न्हेलं, वास्तूवाल्यानं सांगितलं म्हनून. वरच्या ताईंनी झोपाळ्यासाठी स्लॅबमधी कड्या टोचून घेतल्या. माझ्या शेलारच्या पाहुन्याचं घर हाय चौथ्या मजल्यावर, तिथं बिल्डरनं संगमरवरी देव्हारा लावलेला, तो मी काढला नि बाबासाहेबांच्या ग्रंथांचं कपाट केलं. आनि साहेबांची बाल्कनी..." तो दळवींकडे वळला. "काच लावून, दोन्ही बाजू बंद करून, देवघर. गेल्या श्रावणात. मीच केलं. चांगलं झालंय."

अन्सारीभाई बसल्या जागेवरून म्हणाले, "सही बोल रहा है मिस्त्री. घर है तो आदमी अपने हिसाब से ही रहेगा ना. इनकी बेटी की शादी है, दळवी साहब. जाने दो."

दळवींचा चेहरा लाल झाला होता. "गळती झाली तर? माझ्या घरात पाणी आलं तर जबाबदार कोण?"

या एका बाबतीत माणूस खरं बोलत होता, आणि सीताबाईला ते पटलं. ती म्हणाली, "हौद पुरा होऊ द्या. मी तो पान्यानं भरते. तीन दिवस तसाच ठेवते. तुमच्या छताला एक थेंब दिसला तं मी माझ्या हातानं फोडते. न्हाय दिसला तं ती नोटीस तुमी परत घ्यायची. आनि तो शब्द पन."

"कोणता शब्द?"

"तुमाला माहीत हाय."

हौद पुरा झाला. वाल्मीकनं आतून गिलाव्याचे दोन हात दिले, कोपरे गोल केले, आणि नळीचं तोंड बुचानं बंद करून हौद काठोकाठ भरला. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दळवी आपल्या देवघरात खुर्चीवर चढून छताला हात लावून बघत. मृणाली म्हणायची, काका पूजेपेक्षा छतच जास्त बघतात. तिसऱ्या संध्याकाळी सीताबाई स्वतः खाली गेली. छत कोरडं ठणठणीत होतं. दळवींनी नोटीस परत घेतल्याचं चार ओळींचं पत्र दिलं. शब्दाबद्दल त्यात काही नव्हतं.

"हे अर्धं झालं," सीताबाई पत्र हातात घेऊन म्हणाली, आणि वर आली.

आता माती. ती कुठली आणायची याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. भावेशच्या टेम्पोत रिकामी पोती टाकून ती वळला गेली. जिथं तिची खाचरं होती तिथं पत्र्याचं लांबच लांब गोडाऊन होतं, आणि गेटवर वर्दीतला वॉचमन.

"अंदर अलाउड नहीं है, माँजी."

"ये खेत मेरा था."

"होगा. अभी तो पास लगेगा."

भावेश पुढे होऊन काही बोलणार होता. तिनं त्याला थांबवलं. कंपाउंडच्या भिंतीला वळसा घालून ती मागे गेली. तिथं भिंत आणि ओहोळ यांच्यामध्ये जुन्या बांधाचा एक तुकडा उरला होता, काटेरी झुडपांनी भरलेला. कोणाच्या कागदावर नसेल अशी चार-पाच हातांची चिंचोळी पट्टी. सीताबाईनं पदर खोचला, कुदळ घेतली, आणि वरची कचरामाती बाजूला सारून खालची काळी माती उकरली. वीतभर खाली, बांधाच्या कडेला, जुन्या भाताची मुळं लागली, केसांसारखी बारीक. तिनं ती मूठभर हातात घेतली आणि एकेक मूळ बोटांनी मोकळं करत राहिली.

"आये, ऊन वाढतंय," भावेश म्हणाला.

"तुझ्या बापानं हा बांध घातला होता. मी पानी वाहत होते." एवढंच बोलून ती पुन्हा खणायला लागली. भावेशनं तिच्या हातातून कुदळ काढून घेतली. इस्त्रीचा शर्ट घातलेला तो माणूस घामानं निथळेपर्यंत खणत राहिला. लिफ्टनं माती नेऊ द्यायची नाही असं सोसायटीत कोणीतरी ठरवलेलं होतंच; त्यानं पाचही पोती पाठीवरून तीन मजले चढवली.

मांडवाचा दिवस उजाडला. धवलारीण म्हणून आलेल्या पार्वतीबाई, लग्नातले धवले गाणाऱ्या, सत्तरीच्या, लिफ्टच्या भीतीनं जिन्यानं आल्या, दोनदा बसून वर पोचल्या आणि उंबऱ्यावर हात टेकून म्हणाल्या, "बरा केलास गो. आजकालच्या घरांन पाय ठेवायला काय कलतच न्हाय." बाल्कनीत आंब्याचे टहाळे बांधले होते. नदीकाठून आणलेली उंबराची फांदी मेढीला बांधून तयार होती. बाल्कनीत मावत नव्हती म्हणून भावकी दिवाणखानाभर, जिन्यात, खालच्या मजल्यापर्यंत उभी होती.

सीताबाई मेढीला हात लावायला पुढं झाली आणि तिचा दीर तुळशीराम मध्ये आला. बाळारामचा मोठा भाऊ, भावकीत शब्दाला वजन असलेला.

"तू मागं सर," तो म्हणाला. "विधवेचा हात मेढीला लागत न्हाय. माझी बायको नि मी रवतो. आनि हा मिस्तरी इथं कशाला? त्याचं काम झालं. त्याला खाली पाठव."

वाल्मीक हौदाजवळ, मेढ सरळ आहे का बघायला ओळंब्याची दोरी घेऊन उभा होता. त्यानं फक्त दोरी गुंडाळायला सुरुवात केली.

दोन महिने सीताबाई ज्याच्यासाठी भांडली तेच आता तिला बाजूला हो म्हणत होतं. बिल्डरनं दिलेल्या घरात मेढीला जागा नव्हती. आणि मेढीपाशी तिला जागा नव्हती. पार्वतीबाईंनी गाणं थांबवलं होतं. मृणाली हळदीच्या साडीत दाराशी उभी राहून आईकडे बघत होती.

"दादा," सीताबाई म्हणाली, आणि तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. "माती मी खनली. हौदासाठी मी भांडले. पोर मी वाढवली. हिचा बाप गेला तेव्हा ही चवथ्या वर्गापासून दहावीपर्यंत कशी गेली, ते तू बघितलास का?"

चौथीचा हिशेब जुळत नव्हता, बाप गेला तेव्हा मृणाली कॉलेजात जाणार होती. पण त्या घडीला तिला कोणी दुरुस्त केलं नाही.

"रीत हाय ती," तुळशीराम म्हणाला.

"रीत माझ्या घरान मी आनली. तुझ्या पुतन्यानं तं हॉलवर जायचा ठरवला होता. ज्या रीतीन मना उभं राहता येत न्हाय ती मी कशाला तीन मजले चढवू? मेढ मी रवनार. आनि ज्याच्या बापानं आपल्या घराचा उंबरा बसवला नि बाहेर बसून जेवला, तो ओळंबा धरनार. कोनाला चालत नसंल त्यानं जिन्यानं खाली जावा. लिफ्ट पन हाय."

तुळशीराम दोन पावलं दाराकडे गेला. पण पार्वतीबाई आडव्या आल्या. त्यांनी आयुष्यभर गावोगावच्या मेढी बघितल्या होत्या; आणि बारा वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून लोक त्यांना गाणं म्हणायला बोलवत आणि हळद लावताना मागे बसवत. त्यांनी तुळशीरामकडे बघितलंही नाही. गळा मोकळा करून पुढचा धवला उचलला, जोरात, जणू कोणी थांबायला सांगितलंच नव्हतं. एकेक करून बाकीच्या बायकांनी सूर धरला.

वाल्मीकनं दोरी पुन्हा सोडली. ओळंबा स्थिर झाला. सीताबाईनं दोन्ही हातांनी मेढ धरली आणि मातीत दाबली. भावेशनं दुसऱ्या बाजूनं जोर लावला. "थोडी डावीकडं, वयनी," वाल्मीक म्हणाला. "अजून. बस." मेढ सरळ उभी राहिली. सीताबाईचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते, आणि त्याच हातांनी तिनं मृणालीला पहिली हळद लावली. मातीचा एक पट्टा मुलीच्या गालावर उमटला. मृणालीनं तो पुसला नाही. फोटोवाल्यानं दोनदा खुणावलं तरी नाही.

तुळशीराम गेला नाही. जिन्याच्या वळणावर बराच वेळ बसून राहिला आणि मग जेवायला वर आला. पंगतीत त्याच्यासमोर वाल्मीक आणि त्याची बायको वनिता बसली होती. तो वाल्मीकशी बोलला नाही, पण ताटावरून उठलाही नाही. सीताबाईनं त्या दिवशी तेवढ्यावर भागवलं. दळवीसुद्धा आले. पेढ्याचा पुडा मृणालीच्या हातात देऊन, सीताबाईकडे न बघता म्हणाले, "तो शब्द लिहायला नको होता." मग घाईघाईनं खाली गेले.

लग्न हॉलवर झालं, थाटात झालं, आणि मृणाली काल्हेरला गेली. पुढच्या वर्षी सोसायटीच्या कमिटीची निवडणूक आली तेव्हा अन्सारीभाईंनी सीताबाईचं नाव सुचवलं. चौथी शिकलेली बाई कमिटीत काय करणार, असं काही जण म्हणाले. ती निवडून आली.

दोन हजार नऊमध्ये बिल्डरनं शेजारी दुसरी विंग काढली. कमिटीतल्या सगळ्यांची संमती हवी म्हणून त्याचा इंजिनिअर नकाशे घेऊन आला. टेबलावर कागद पसरून त्यानं समजावून सांगितलं: तळमजल्यावर दुकानं, मध्ये पोडियमचा उंच चौथरा, सगळीकडे फरशी, धूळ नाही, चिखल नाही. इतरांनी सह्या केल्या. सीताबाईनं नकाशा आपल्याकडे ओढला.

"ह्यान माती कुठं हाय?"

"माती? मॅडम, सगळं पेव्हर ब्लॉक आहे. एकदम स्वच्छ."

"लोक लगीन कुठं करतील? मयत कुठं ठेवतील? अन्सारींकडं शादीला बिर्याणीची डेग कुठं चढवतील? तुझे आईला मासे कापायचे असतील तं ती कुठं बसंल?"

इंजिनिअर हसला. "मॅडम, त्यासाठी हॉल असतात. सगळीकडे असंच बांधतात."

"मंग सगलीकडं जाऊन सही घे," सीताबाई म्हणाली आणि पेन बंद करून त्याच्याकडे सरकवलं.

तो आणखी तीनदा आला. एकदा त्याच्याबरोबर बिल्डर स्वतः आला, मिठाई घेऊन. तिनं मिठाई परत पाठवली आणि दोघांनाही बाल्कनीत नेऊन बसक्या पाटावर बसवलं, कारण खुर्च्या तिथं मावत नव्हत्या. शेवटी सुधारलेला नकाशा आला. गेटच्या आत उजव्या हाताला, दोन्ही विंगच्या मध्ये, चाळीस फुटांची जागा फरशीशिवाय सोडलेली होती, कोणालाही कसल्याही कार्यासाठी, आणि प्रत्येक स्वयंपाकघरामागे उतार असलेली मोरी. सीताबाईनं मृणालीला काल्हेरहून बोलावून घेतलं, तिच्याकडून कागदावरचा शब्द न् शब्द वाचून घेतला, वाल्मीककडून मापं तपासून घेतली. दोघांनीही ठीक आहे म्हटल्यावर तिनं नकाशावर, इंजिनिअरनं दाखवलेल्या रेघेच्या जरा वर, मोठ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं.